वकिलाची बिस्किटं

मामाजी, काल मी कढई चढवली.

तुमची तेरवी व्हायची आहे, घरात सुतक आहे, आणि तुमच्या सुनेनं दिवसाढवळ्या कढई काढून विस्तवावर ठेवली. एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्या कढईत मी वाळलेले झिंगे कुटून घातलेली, अंडं फोडून मळलेली बिस्किटं भाजली. माणूस गेलेल्या घरात तेरवीच्या आत कढई नाही, मासळी नाही, अंडं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. तरी केलं. का केलं ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी मीच सांगते.

मी तुमच्याशी अशी सरळ बोलते आहे याचं तुम्हाला नवल वाटत असेल. वाटू द्या. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून आपण एकमेकांशी समोरासमोर एक वाक्य बोललो नाही. भांडण नव्हतं, रीत होती. सासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, आवाज काढायचा नाही, काही सांगायचं असेल तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे पोचवतील. तुम्ही माजरीला कोळशाच्या खाणीवर, कँटीनच्या भट्टीवर होतात. सणावाराला यायचात, तोवर हे निभून गेलं. मग तुम्ही कायमचे गावी आलात आणि थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. तुमचे चिरंजीव सकाळी ट्रॅक्टर घेऊन जायचे ते दिवे लागल्यावर परतायचे. उरलो आपण दोघं, एका घरात, मुके. अंगणवाडीतून आले की मी ताट वाढायची आणि पेला जरा जोरात आपटायची. तो आवाज ऐकून तुम्ही जेवायला यायचात. अंगणवाडीत पोरांकडून गाणी म्हणवून घेताना माझा आवाज पार रस्त्यापलीकडे जातो, आणि घरात पेल्यावर कारभार चाललेला.

मग एका दुपारी तुम्ही तळ्याच्या, आपल्या बोडीच्या पाळीवर सापडलेलं तांबडं पिल्लू दुपट्ट्यात गुंडाळून आणलंत. मी दारात उभी. तुम्ही माझ्याकडे न बघता पिल्लाच्या कानाशी वाकून, पण मला नीट ऐकू येईल अशा बेतानं म्हणालात, “सांग बा तुह्या मालकिणीले, भूक लागली, दूध पायजे म्हना.”

मी पण पिल्लालाच म्हटलं, “सांग त्याइले, दूध चहापुरतंच हाय.”

“सांग, आज माहा चहा नको म्हना. माह्या वाटचं यालेच द्या.”

ते पिल्लू बिचारं एकदा तुमच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तुम्ही हसलात. “हा त वकील निंगला,” म्हणालात. झालं बारसं.

त्या दिवसापासून आपण किती बोललो, मामाजी! चहातली साखर, वरणातलं पाणी, तुमचा खर्रा, तुमच्या चिरंजिवांचा आळस, सरपंचाचा कारभार, सगळ्या गोष्टी वकिलाच्या समोर झाल्या. “वकिला, सांग त्याइले, खर्रा खाऊन पिचकारी तुळशीकडं नका मारू म्हना.” “वकिला, तुह्या मालकिणीले सांग, आज भाजी झकास झाली.” भाजी झकास झाल्याचं कोणी मला सांगितलं ते तुम्हीच, आणि तेही कुत्र्याला. माझ्या नवऱ्याच्या तोंडून असं काही कधी निघालं नाही. भाजी चांगली झाली तर तो दोन घास जास्त जेवतो, तेवढंच.

बिस्किटांचं प्रकरण सुरू झालं ते शेजारच्या नामदेवभाऊंचा कुत्रा, काळ्या, गेला तेव्हा. अंगणात खुंट्याला बांधलेला होता. दिवे लागायच्या सुमाराला बिबट्या आला आणि घेऊन गेला. माणसं घरातच होती. साखळी खुंट्याला तशीच राहिली, पट्टा तुटलेला. गावात हे नवं नाही. जंगल गावाला लागून आहे आणि बिबट्याला कुत्र्यासारखं सोपं दुसरं काही मिळत नाही. पण काळ्या रोज आपल्या दारावरून जायचा, त्यामुळे मी हादरले. बाजारातून जाड साखळी आणली आणि वकिलाच्या समोर ठेवून म्हटलं, “वकिला, सांग त्याइले, उद्यापासून दुपारनंतर तुले गोठ्यात बांधायचं.”

तुम्ही साखळी उचललीत, वजन बघितलंत आणि गोठ्याच्या खांबाला अडकवून टाकलीत. “वकिला, सांग तिले. काळ्या बांधलेलाच होता. मोकळा असता त पराला असता. बांधलेला कुत्रा म्हंजे बिबट्याले वाढलेलं ताट.”

“मंग मोकळा हा संध्याकाळी घरी येते का? तिकडं धानाच्या बांध्यांत हुंदडत राह्यते!”

“येईन. खानीत पाळी सुटली का मानसं घराकडं नाई जात, आधी भट्टीच्या वासावर येतेत. हा बी येईन.”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून येते तो माझी माहेरची जाड बुडाची लोखंडी कढई चुलीवर आणि तीत काठोकाठ रेती! मी त्या कढईत वडे तळते हो, पाहुणे माझ्या वड्यांचं नाव काढतात. त्या दिवशी वकिलाची खैर नव्हती. “सांग त्याइले, रेती भरायची असन त घमेलं घ्या म्हना! ते कढई माह्या मायनं देल्ली!” तुम्ही म्हणालात, “वकिला, घमेलं पातळ असते, त्याच्यात बिस्कुट जळते. मायनं चांगली कढई देल्ली म्हना पोरीले, जाड बुडाची.” माझ्या आईचीच तारीफ केलीत. मी तणतणत दुसरी कढई आणली. पहिली तुमची झाली ती झालीच.

तुमचं पहिलं बिस्कीट दगडासारखं झालं. वकिलानं ते अंगणात पुरून ठेवलं. दुसऱ्यांदा कच्चं राहिलं. मग तुमच्या डोक्यात मोहफुलं आली. कुत्र्याला साखर चांगली नाही, मोह गोड असतो, म्हणून वाळलेली फुलं पाणी भरून पितळी गंजात भिजत घातलीत आणि नेमके पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत ती विसरलात. वैशाखातलं ऊन. गंज ओट्याखाली. आपण लग्नाहून परत आलो तर वकील अंगणाच्या मधोमध उभा, चारही पाय चार दिशांना. आपल्याला बघून शेपटी हलवायला गेला आणि त्या झोकानं स्वतःच आडवा झाला. उठला, रांजणावर भुंकला. मग रांजणाची माफी मागितल्यासारखा त्याच्यापुढे बसून राहिला. गंजातलं पाणी सगळं साफ! मोहाचं काय होतं ते सांगायला आपल्या गावात कोणाला शाळेत जावं लागत नाही, आणि तेच आपण दोघं विसरलो होतो. गल्ली गोळा झाली. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, “वकिला, असं पिऊन कोर्टात येतेत का बे?”

मी हसले. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. सासऱ्यासमोर मोठ्यानं हसण्याची ती माझी पहिलीच वेळ. तुम्हीही हसलात, पण तेवढ्यापुरतंच. गल्ली पांगल्यावर तुमचा चेहरा उतरला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही त्याला थोडं थोडं पाणी पाजत बसलात, तो चार पायांवर नीट उभा राहीपर्यंत जेवलाही नाहीत. पुन्हा मोह घरात आला नाही.

मोहाच्या जागी झिंगे आले आणि गाडी रुळावर आली. तांदळाच्या कणीचं पीठ, थोडं जवारीचं, भाजून कुटलेलं जवस, अंडं आणि तव्यावर कोरडे परतून कुटलेले झिंगे. गरम रेतीवर ताट, वर झाकण म्हणून परात, परातीवर निखारे. तो वास सुटला की गल्लीतली मांजरंसुद्धा आपल्या छपराच्या कवेलूंवर जमायची. ऊन उतरलं की तुम्ही ओट्यावर उभे राहायचात आणि हाक मारायचात, “वकीऽऽल!” तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत तुम्ही खलनायकाचं काम करायचात असं सासूबाई सांगायच्या. ती हाक ऐकून ते खरं वाटायचं. बांध्यांवरून तांबडा ठिपका पळत यायचा. एक बिस्कीट उंबऱ्याबाहेर, एक उंबऱ्याच्या आत, एक पार आतल्या खोलीत, आणि तोवर मी दाराला कडी घातलेली असायची. हाक तुमची, कडी माझी.

साखळीचा वाद मात्र संपला नाही. थंडी आली की बिबट्या गावाकडे सरकतो, मी पुन्हा सुरू करायची, तुम्ही पुन्हा वाढलेल्या ताटावर यायचात. यंदा धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या, तेव्हा मी वकिलाला म्हटलं, “सांग त्याइले, आता वय झालं तुह्यं, पहिल्यासारखा पराशीन का तू?” तुम्हाला ते लागलं असावं. वय वकिलाचं झालं होतं तसं तुमचंही. तुम्ही निखारे सारखे करत म्हणालात, “सांग तुह्या मालकिणीले. विचार करतो म्हना.”

इतक्या वर्षांत ‘विचार करतो’ तुम्ही कधी म्हटलं नव्हतं. पुढे काय ठरवलंत ते कळायच्या आत तुम्ही गेलात. मला खरंच राग आला, मामाजी. अजूनही येतो. माणसानं वाद असा अर्धा टाकून उठू नये.

तुम्हाला नेलं त्या दिवशी घरात गर्दी होती, म्हणून तुमच्या चिरंजिवांनी वकिलाला त्याच साखळीनं गोठ्यात बांधलं. त्यांची चूक नाही, त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं. पण वकील इतका ओढत राहिला की गळ्याची कातडी सोलली. दुसऱ्या दिवशी सोडला तो पळालाच. सकाळी यायचा, भाताला तोंड लावायचा, ओट्यावर तुमच्या जागेचा वास घ्यायचा आणि जायचा. संध्याकाळी घरी परतणं बंद झालं. वास नाही, हाक नाही, मग तो कशासाठी येईल? आणि गोठ्याकडे तर तो बघेना.

अशात जंगलखात्याचे गार्डसाहेब गावात सांगून गेले, बोडीजवळ बिबट्याची पावलं दिसली, अंधाराच्या आत घरात या, कुत्री बाहेर ठेवू नका. तुमचे चिरंजीव म्हणाले, “तेरवी होऊन जाऊ दे. वडशाले माह्या मित्राची राइसमिल हाय, उंच भित हाय. तिथी नेऊन सोडतो. इथी राह्यला त जाईन हा.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही पटलं. उंच भिंत, पोटभर खाणं. पण मिलवर ट्रकांची ये-जा, तिथे कुत्रा बांधूनच ठेवणार. म्हणजे माझ्याच बाजूनं निकाल लागत होता, आणि तो मला नको होता. शिवाय तेरवीपर्यंत तो जिवंत राहील याची हमी कोणी घ्यायची? मी ठरवलं की वकील कुठेही जाणार नाही आणि बिबट्याच्या तोंडीही जाणार नाही.

आधी मी सुतक सांभाळूनच बघितलं. तव्यावर कणीच्या पिठाच्या जाड भाकऱ्या भाजल्या, त्यांचे तुकडे घेऊन अंगणात बसले. नुसत्या भाकरीला कसला वास? त्या दिवशी तो अंधार पडून गेल्यावर आला आणि दाराबाहेरच बसून राहिला.

म्हणून काल कढई. तुमच्या बहिणीला, आत्याबाईंना, मी आधी सांगितलं. चोरून करायचं नव्हतं. त्या जिवतीच्या पहाडावरून तुमच्यासाठी आल्या आहेत, आल्यापासून त्यांच्या डोळ्याचं पाणी खळलं नाही. त्या ताडकन उठल्या. “अवो मंदा, माह्या भावाची राख थंडी नाई झाली आन् घरात कढई? लोकं काय म्हनतीन?”

“आत्याबाई, तेलाचा थेंब नाई. रेती हाय त्याच्यात.”

“कढई ते कढईच. आन् झिंगे? झिंगे काऊन पायजे तुले?”

“मले नाई, वकिलाले. कुत्र्याले सुतक असते का, आत्याबाई?”

“कुत्र्याले नसन. घराले असते.”

बरोबर बोलल्या. मी तुमच्या चिरंजिवांकडे बघितलं, तर ते म्हणाले, “तुम्ही दोघी पाहून घ्या,” आणि चप्पल घालून चालते झाले. मग मी कढई उचलली आणि घराबाहेर नेली. गोठ्यामागे तीन दगड मांडले. म्हटलं, “हे घ्या आत्याबाई. घर सुटलं. आता जे लागन ते मले लागन.” त्या तोंड फिरवून ओट्यावर जाऊन बसल्या. मी जाळ केला.

पीठ मळायला घेतलं आणि मला भीती वाटली. तुम्ही मला कधी पिठाला हात लावू दिला नव्हता. मी शेजारी भाजी चिरत बसायची, तुम्ही वकिलाला समोर बसवून बडबडत असायचात. “पाहा वकिला, पीठ सैल नाई ठेवायचं, पसरते.” “वकिला, मीठ नाई आन् कांदा त बिलकुल नाई, कांदा तुले जहर हाय.” “रेतीवर हात धरून पाहायचा. हात आपोआप मांगं आला का मंग ताट ठेवायचं.” “निंगल्यावर पुन्हा बिनझाकणाचे वाळवायचे, नाई त बुरसी लागते.” मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला बोलायला कोणीतरी लागतं. काल मी रेतीवर हात धरला आणि तो आपोआप मागे आला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला सगळं येतं. एकही गोष्ट अडली नाही. पीठ किती सैल, जवस किती भाजायचं, निखारे कधी काढायचे, सगळं.

मामाजी, कुत्र्याला कोणी पीठ मळायला शिकवतं का?

मी तिथेच, गोठ्यामागे, धुरात बसून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, चहापाणी बघायचं, आलेल्यांना बसायला द्यायचं, मला रडायलाही फुरसत मिळाली नव्हती. काल मिळाली. तुम्ही मला शिकवत होतात आणि मी भाजी चिरत बसले होते. तुम्हाला अंदाज आला होता का? छातीत दुखायचं आणि तुम्ही सांगत नव्हतात, असं होतं का? विचारायला कोणी उरलं नाही. पण तुमचे उपकार मी मानते, हे मी आज कोणाला मध्ये न घालता सांगते.

बिस्किटं छान फुलली, बुडाला लाली आली. वास सुटला. आणि वारा उलटा! सगळा वास गावाच्या बाजूला. गल्लीतली मोकाट कुत्री आली, मांजरं आली, नामदेवभाऊंची बायको ‘कशाचा वास येते बाई’ म्हणत डोकावून गेली. वकिलाचा पत्ता नाही. ऊन उतरलं. बांध्यांपलीकडची झाडं काळी पडायला लागली. मी ताट घेऊन ओट्यासमोर आले. आत्याबाई तिथेच होत्या. वास पोचत नाही म्हटल्यावर हाक मारणं एवढंच उरलं होतं.

मी म्हटलं, “वकील.”

मामाजी, तो आवाज माझ्या मलाच जेमतेम ऐकू आला. या अंगणात मी कधी आवाज काढलाच नव्हता. समोर सासरची वडीलधारी बाई बसलेली, रस्त्यानं बैल घेऊन माणसं परततायत. पुन्हा म्हटलं, “वकील, ये.” कोंबडीसुद्धा वळून बघेना.

तेव्हा मागून आत्याबाई बोलल्या. “असी मारतेत का वो हाक? माहा भाऊ हाक मारे त चार बांध्या वलांडून जाये. पदर काढ तोंडावरचा. मार.”

मी वळून बघितलं. डोळे पुसत होत्या, पण बोट बांध्यांकडे होतं.

मी पदर खोचला. ओट्यावर चढले, अगदी तुमच्या जागेवर. पोटातून आवाज काढला. “वकीऽऽल! वकीऽऽल! ये बेऽऽ!” रस्त्यावरची माणसं थांबली. बैल थांबले. कोण ओरडतंय म्हणून शेजारच्या घरांतून डोकी बाहेर आली आणि या घरची सून ओट्यावर उभी राहून गुराख्यासारखी बोंब मारते आहे हे सगळ्यांनी बघितलं. बघू देत. मी थांबले नाही. आवाज फाटला तरी थांबले नाही.

बोडीच्या बाजूनं, कापलेल्या धानाच्या खुंटांतून, काहीतरी तांबडं हललं. आधी उभं राहिलं. मग पळायला लागलं. लंगडत होता थोडा, पण येत होता. एक बिस्कीट उंबऱ्याबाहेर ठेवलं. ते खाऊन त्यानं माझ्याकडे बघितलं. दुसरं आत ठेवलं. तिसरं पार आतल्या खोलीत आत्याबाईंनी ठेवलं, झिंग्यांच्या वासाचा हात लांब धरून, नाक मुरडत. मी कडी घातली. गळ्याच्या सोललेल्या जागी हळद लावली, तर त्यानं माझा हात चाटला.

तुमचे चिरंजीव आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की वडशाला कोणीही जाणार नाही. ते जेवताना दोन घास जास्त जेवले.

आपला वाद मी सोडलेला नाही, हेही ऐकून ठेवा. मोकळा सोडणं मला अजूनही पटत नाही. पण साखळी मी आज विकायला काढली. थंडीभर वकील माझ्याबरोबर अंगणवाडीच्या आवारात बसेल, माझ्याबरोबरच घरी येईल, आणि ऊन उतरलं की वास आणि हाक आहेच. आज बसला होता. पोरांनी त्याच्यासमोर सगळी गाणी म्हणून दाखवली आणि तो कान पाडून ऐकत होता. तुमचा विचार अर्धा राहिला, तो मी माझ्या पद्धतीनं पुरा केला. चुकलं असेल तर चुकलं.

एक गोष्ट राहिली. तुम्हाला ती कोणी सांगितली नसेल, कारण तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तुम्ही ओट्यावरून कलंडलात तेव्हा मी धावत आले आणि ‘मामाजी’ म्हणून मोठ्यानं हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. तुम्ही ओ दिली नाहीत. तेव्हापासून ती हाक माझ्या गळ्यात अडकून होती, गिळताही येईना. काल मी ओट्यावर उभी राहून नाव कुत्र्याचं घेतलं, पण पोटातून निघत होती ती तीच. आणि तो आला. तुमच्या वाटणीची ओ त्यानं दिली, असं मी धरून चालते.

ऊन उतरायला आलंय. पीठ मळायला जाते.